फणसाची फळी रंधा मशीनमधून निघते, पण टोकाला खड्डा आणि अंगावर लाटा

सांखळीचा ट्रकवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो.

चवथीला पाच आठवडे राहिलेत आणि हातात आठ चौरंगांची ऑर्डर आहे. सगळे फणसाचे, अठरा इंच बाय अठरा. तीन सहा इंची फळ्या जोडून वरचा पाट करायचा. लाकूड दोन वर्षं शेडमध्ये पडून वाळलेलं, रंग असा की हळद शिंपडल्यासारखा. अशा लाकडाचं माझ्या मशीनने जे करून ठेवलंय, ते बघून वडील दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत.

आमचं घर सुताराचं, पण मी ट्रकवाला. खनिज ओढण्यात उमेदीची वर्षं गेली. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक अंगणात उभा करून वाट बघितली. मग सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद. दुसऱ्या खेपेला मात्र वाट बघितली नाही. ट्रक विकला, वडिलांच्या शेडमध्ये सेकंडहँड कॉम्बिनेशन मशीन आणून घातली. वर सरफेस (अंग सपाट करायला), खाली थिकनेस (जाडी काढायला), १३ इंची, पाती धरून फिरणाऱ्या गोल ब्लॉकला तीन पाती, ३ एचपीची मोटर. प्लेटवर लिहिलंय ब्लॉक ४५०० आरपीएम, फीड, म्हणजे फळी सरकायचा वेग, मिनिटाला ६ मीटर. आधीच्या मालकाकडे ती दारांच्या चौकटी काढायची. चौकटीला कोण टॉर्च मारून बघतो? त्यामुळे तिथे तिची तक्रार नसणारच.

आता दुखणी. फळी थिकनेसमधून बाहेर आली की दोन्ही टोकांना चार-चार बोटं खड्डा. डोळ्यांना पटकन दिसत नाही, पण पट्टी उभी धरली की खालून उजेड येतो. दुसरं, अंगावर आडव्या लाटा. नख फिरवलं तर टरटर लागतात, डाव्या अंगाला जास्त. तिसरं म्हणजे पट्ट्यापट्ट्यांनी लाकूड ओरबाडलेलं, मांजराने नखं काढल्यासारखं. फळी उलटी फिरवून घातली तर तो पट्टा गुळगुळीत होतो आणि शेजारचा फाटतो! चौथं, कुठेकुठे बारीक टोचे, जणू कुणी मोहरीचे दाणे ठेवून वरून अंगठा दाबलाय.

मी आजवर काय केलं? पाती काढून धारेला दिली. आली तेव्हा हातावरचे केस उडत होते, म्हणजे धार होती. टेबलाला मेणबत्ती घासली. फरक शून्य. एका वेळी एक सूत काढतो, कारण वेळ कमी आहे. वडील सोप्यावरून एवढंच म्हणाले, "हाताच्या रंध्याला लाकूड कुठे दुखतं ते कळतं, तुझ्या ह्या इंजिनाला कळत नाही." त्यांचं म्हणणं ऐकून आठ चौरंग हाताने रंधायचे तर पुढच्या चवथीला होतील.

कुठून सुरुवात करू? सगळं एकदम खोलायला बसलो तर परत जुळवता येईल याची खात्री नाही.

फोंड्याचा फर्निचरवाला

दादा, एका वेळी एक सूत? म्हणजे तीन मिलिमीटर! फणसाला? इथेच अर्धं दुखणं आहे.

फणसाचे रेषे सरळ वर जात नाहीत. झाड वाढताना काही वर्षं ते उजवीकडे कलतात, मग काही वर्षं डावीकडे. अशा झाडाची फळी कापली की एक पट्टा सुलटा आणि शेजारचा उलटा येतो. म्हणून फिरवून घातल्याने फक्त फाटण्याची जागा बदलते. तुम्ही बघितलंत ते बरोबर बघितलंत. किंदळ, माट्टी, सगळ्यांचा थोडाबहुत हाच स्वभाव. माट्टीला गोव्याने राज्यवृक्षाचा मान दिलाय, पण रंध्याखाली ती मान देत नाही.

शेवटचे दोन-तीन हात अगदी हलके घ्या, ०.३ मिलिमीटर. शेवटच्या हाताआधी ओल्या फडक्याने वरचं अंग नुसतं पुसा, भिजवू नका. दोन मिनिटं थांबा आणि घाला. वरचे रेषे नरम पडतात, उपटायच्या ऐवजी कापले जातात. नंतर टेबल कोरडं करायला विसरू नका, पावसात तासाभरात गंज चढतो.

अजून एक उपाय म्हणजे पात्याच्या पुढच्या अंगाला बारीकशी उलटी धार देणे, दहा-पंधरा अंश. मग पातं लाकडात घुसून उचकटत नाही, थोडं खरवडल्यासारखं कापतं. मोटरवर ताण येतो, पण उलट्या रेषांना लागू पडतं. आणि खिशात पैसे खुळखुळत असतील तर कार्बाइडच्या चौकोनी तुकड्यांचा स्पायरल ब्लॉक बसवा. आठ चौरंगांत तो वसूल होणार नाही हे मात्र खरं.

सावंतवाडीकर

वडिलांचं ऐका. मशीनने जाडी काढा, शेवटचा हात लोखंडी रंध्याने मारा. आमच्याकडे लाकडी खेळणी करणारे आजही शेवटच्या हातासाठी मशीनवर भरवसा ठेवत नाहीत.

वास्कोचा रिटायर फिटर

वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. बोटींच्या यार्डात जन्म गेला. लाकडातलं मला फार कळत नाही, पण फिरणाऱ्या वस्तूंचं कळतं.

तू चार दुखणी एका दमात सांगितलीस आणि सगळ्यांवर एकच औषध केलंस: धार. ट्रक एका बाजूला ओढतो म्हणून कुणी ऑइल बदलतं का? आधी मोजून घे, स्पॅनर नंतर.

आधी टोकाचा खड्डा. चार बोटं म्हणजे किती? स्टीलच्या पट्टीने मिलिमीटरमध्ये सांग. मग मशीनचा मेन स्विच काढ, बेल्ट उतरव, आणि ब्लॉकच्या मध्यापासून फळी आत ओढणाऱ्या आतल्या रोलरपर्यंत आणि ती बाहेर काढणाऱ्या बाहेरच्या रोलरपर्यंत अंतर मोज. फळीचं पुढचं टोक ब्लॉकखालून निघून बाहेरच्या रोलरखाली जाईपर्यंत ती एकाच रोलरच्या दाबात असते. मागचं टोक आतल्या रोलरखालून सुटलं की पुन्हा तीच गत. तेवढ्या अंतरात टोक वर उचललं की पातं तिथे जास्त खातं. खड्ड्याची लांबी आणि रोलरचं अंतर जुळलं तर धारेचा संबंध मिटला.

ते वर का उचललं जातं? तुझ्या खालच्या टेबलात दोन गुळगुळीत रोलर असतील. ते टेबलापेक्षा किंचित वर असतात, म्हणजे लाकूड घासत नाही. दोन्ही रोलरांवर एक सरळ पट्टी आडवी ठेव आणि पट्टी-टेबलाच्या मधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा) घाल. साफसुफीच्या कामाला ही फट ०.१ मिलिमीटरच्या आसपास पुरते. ओबडधोबड चौकटी काढणारा माणूस ती मुद्दाम जास्त ठेवतो, कारण करवतीच्या खडबडीत अंगाला तशीच लागते. मला तुझ्या आधीच्या मालकाचा संशय आहे.

दुसरं म्हणजे लाटा. अंधारात फळीवर टॉर्च आडवा धर आणि २० मिलिमीटरमध्ये रेषा किती ते मोज. हिशोब सोपा आहे. ६००० मिलिमीटर भागिले ४५०० फेऱ्या, म्हणजे एका फेरीत फळी १.३३ मिलिमीटर पुढे जाते. तीन पाती सारखी कापत असतील तर दर ०.४४ ला एक रेषा, २० मिलिमीटरमध्ये ४५. एकच पातं शेवटचा हात मारत असेल तर १५. आकडा कळव.

तिसरं, पाती एका उंचीला आहेत का? वरच्या सरफेसच्या मागच्या टेबलावर एक सरळ लाकडी पट्टी ठेव, टोक ब्लॉकवर पुढे आलेलं. ब्लॉक हाताने हळू फिरव. पातं पट्टीला पकडून थोडं पुढे ओढतं आणि सोडतं. किती ओढलं त्याची पेन्सिलने खूण कर. प्रत्येक पात्याला डावीकडे आणि उजवीकडे, अशा सहा खुणा. ९० मिलिमीटरच्या ब्लॉकला ४ मिलिमीटर ओढ म्हणजे पातं टेबलाच्या साधारण ०.०४५ वर. ६ मिलिमीटर ओढ म्हणजे ०.१. डायल गेज नसला तरी सुताराच्या पट्टीने पाच शतांश मिलिमीटर असा पकडता येतो.

हाताने फिरवताना बोटं सांभाळ. बंद मशीनच्या पात्याने कापलेली बोटंच मी जास्त बघितली आहेत.

म्हापशाची पॉलिशवाली

मी लाकूड रंधत नाही. रंधून आलेल्यावर पॉलिश करते, त्यामुळे तुम्हा सगळ्यांची पापं माझ्याकडे येतात.

ते मोहरीचे दाणे म्हणजे ढलप्या. ब्लॉकने उडवलेली ढलपी हवेत न जाता फिरून परत फळीवर पडते आणि बाहेरचा रोलर ती लाकडात दाबतो. भुसा ओढणारी नळी लावली नसेल, किंवा तोंडाशी भुसा अडलेला असेल, तर हमखास. पावसात भुसा दमट होऊन जास्त चिकटतो. रोलरवर काय चिकटलंय तेही बघा, रॉकेलच्या फडक्याने पुसा.

आता महत्त्वाचं. हे टोचे दिसले की माणसं लगेच पॉलिश पेपर मारून अंग सपाट करतात. ते करू नका! लाकूड तिथे तुटलेलं नसतं, दबलेलं असतं. आजूबाजूचं घासून तुम्ही सपाट केलंत आणि मी वर पाण्याचा स्टेन लावला, की दबलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि टोच्याच्या जागी पुळी उभी राहते. एकदा एका डायनिंग टेबलवर माझ्याकडून हे झालं, रात्रभर बसून परत घासावं लागलं. आधी ओलं फडकं फिरवायचं, हट्टी टोच्यावर फडक्यावरून गरम इस्त्री टेकवायची, पूर्ण सुकू द्यायचं, मग पेपर.

आणि फोंड्याच्या भाऊंनी ०.३ सांगितलं त्याला माझी हरकत आहे. मशीनमधल्या आतल्या रोलरला दाते असतात ना? हात फार हलका घेतला तर दात्यांनी दाबलेले चरे पात्याच्या तोंडात येतच नाहीत, तसेच फळीवर राहतात. पॉलिशखाली ते रेल्वेच्या स्लीपरसारखे दिसतात, एकसारख्या अंतरावर. गिऱ्हाईक मला विचारतं, ही डिझाइन आहे का?

फोंड्याचा फर्निचरवाला

ताई बरोबर सांगतात, ते मी विसरलो. माझ्या मशीनला रबरी रोलर आहे म्हणून ०.३ चालतं. दात्यांचा लोखंडी असेल तर ०.७-०.८ च्या खाली जाऊ नका, किंवा रोलरच्या स्प्रिंगा थोड्या सैल करा. फार सैल केल्या तर फळी मध्येच थांबते, आणि थांबली की ब्लॉक एकाच जागी घासून काळा पट्टा पडतो. तो पट्टा ढलपीपेक्षा वाईट.

सांखळीचा ट्रकवाला

चार दिवसांनी येतोय. दोन दिवस पाऊस असा की शेडच्या पत्र्याखाली स्वतःचा आवाज ऐकू येईना, आणि वीज लपंडाव खेळत होती. पण मोजायला वीज लागत नाही, म्हणून सगळं मोजलं. फिटरकाका, आकडे घ्या.

टोकाचा खड्डा ६१ मिलिमीटर. ब्लॉकपासून रोलर ६२. पट्टी ठेवून फिलर गेज घातला, तो शेजारच्या गॅरेजमधून टॅपेट सेटिंगचा आणला होता. एका बाजूला ०.६, दुसऱ्या बाजूला ०.५५. तुमचा संशय खरा निघाला. खालचे स्क्रू तीस वर्षांच्या चिकटलेल्या भुशात पुरलेले होते. कानशीच्या टोकाने कोरून काढले, डिझेल सोडलं, रात्रभर ठेवलं. सकाळी फिरले. आता सगळीकडे ०.१ ते ०.१५.

फळी घातली. खड्डा गेला म्हणत नाही. पट्टी धरली की अजून केसाएवढा उजेड दिसतो, पण पेपरच्या चार फेऱ्यांत जाईल इतकाच. शिवाय फळ्या एकामागे एक टोकाला टोक लावून घालतो, म्हणजे पहिल्या फळीचं पुढचं आणि शेवटच्या फळीचं मागचं टोक सोडलं तर बाकीच्यांना खड्डाच नाही. हे मला वडिलांनी सुचवलं. मशीनबद्दल त्यांचं पहिलं चांगलं वाक्य.

रेषा २० मिलिमीटरमध्ये १५. बरोबर तुमच्या हिशोबातल्या! मी तीन फळ्यांवर मोजल्या, कारण विश्वास बसेना.

ओढीच्या खुणा अशा. पहिलं पातं दोन्हीकडे ४. दुसरं डावीकडे साडेसहा, उजवीकडे ४. तिसरं डावीकडे ३ आणि उजवीकडे पट्टीला शिवलंच नाही. म्हणजे डावीकडे एकटं दुसरं पातं सगळं काम करत होतं, आणि म्हणूनच डाव्या अंगाला नखाला जास्त लागत होतं. परत बसवायला अख्खी दुपार गेली. बोल्ट आवळला की पातं हळूच वर सरकतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी सगळे बोल्ट आधी अर्धे, मग मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळले, चाकाचे नट आवळतो तसे. आता सहाही खुणा ४ ते साडेचारमध्ये आहेत.

पण काका, इतकं करून रेषा परत मोजल्या. अजून पंधराच! मला ४५ पाहिजे होत्या.

वास्कोचा रिटायर फिटर

शाबास. आणि ४५ विसर.

तुझ्या खुणांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे पात्यांच्या उंचीत एक शतांशाच्या जवळपास. पंधरा रेषांमधल्या लाटेची खोली किती माहीत आहे? अंतराचा वर्ग भागिले चारपट व्यास. १.३३ चा वर्ग १.७७, भागिले ३६०, उत्तर ०.००५. पाच सहस्रांश. दुसरं पातं एवढ्याहून जास्त खाली असेल तर ते शेवटच्या अंगाला शिवतच नाही, आधीचं लाकूड काढतं आणि गप्प बसतं. हाताने बसवलेल्या पात्यांत शेवटचा हात एकच पातं मारतं, हे धरूनच चाल. मोठ्या कारखान्यांत चालू ब्लॉकवर दगड टेकवून तिन्हींची टोकं एक करतात. ते तुझ्या मशीनवर करायला जाऊ नकोस.

पाच सहस्रांशची लाट १२० च्या पेपरने दोन मिनिटांत जाते. नखाला लागणाऱ्या लाटा गेल्या का ते सांग. रेषा दिसणं आणि लाट लागणं यांत फरक आहे.

अजून एक. मशीन चालू करून वरच्या टेबलावर पाच रुपयांचं नाणं कडेवर उभं कर. पडतं का?

सांखळीचा ट्रकवाला

पडतं. सोडायच्या आधी पडतं. लाटा कमी झाल्यात, पण डोळे मिटून हात फिरवला की अजून कळतात.

मशीनचा मागचा एक पाय जमिनीला टेकलेलाच नव्हता. खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर चिरा ठेवलेला, त्याचा कोपरा झिजलाय. लोखंडी पाचर ठोकली. नाणं आता दोन सेकंद उभं राहून चालायला लागतं आणि मग पडतं.

ओरबाडण्याचं सांगतो. एक सूत सोडून दिलं. आता दीड मिलिमीटर, मग एक, शेवटी ०.८ आणि त्याआधी ओलं फडकं. चार आणे दुखणं राहिलंय, तेही जिथे रेषे एकदम उलटतात त्या पट्ट्यात. काल रात्री मी तो पट्टा पेपरने घासत होतो. वडील आले, काही बोलले नाहीत. खिडकीची फुटलेली काच होती, तिचा तळहाताएवढा तुकडा घेतला, कड नखावर पारखली, आणि फळीवर उभी धरून स्वतःकडे ओढली. भुसा नाही, पीठ नाही, कांद्याच्या सालीसारखी पातळ साल निघाली. उलट काय, सुलट काय, काचेला फरकच नाही. दहा मिनिटांत पट्टा साफ. तुकडा बोथट झाला की फेकायचा आणि नवा फोडायचा. मी तासभर जे घासत होतो ते त्यांनी विडी विझायच्या आत केलं. लोखंडी स्क्रेपर मिळतो हे मला माहीत आहे, पण त्यांना काचच पाहिजे.

टोच्यांना ओलं फडकं आणि इस्त्री. ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं, बसलेले उठले. आधी पेपर मारलेल्या दोन फळ्यांवर पुळ्या आल्या, त्या माझ्या कर्माच्या. ब्लॉकच्या तोंडाशी भुसा अडत होता. घरचा जुना व्हॅक्यूम तिथे जोडला, आवाज भयंकर, पण नवे टोचे नाहीत.

पाच चौरंग जोडून झाले. तीन राहिले.

म्हापशाची पॉलिशवाली

एक विचारते. पावसाळ्यात जोडताय, लाकूड किती ओलं आहे ते बघितलंत का? दोन वर्षं वाळलेलं असलं तरी श्रावणात शेडमधलं लाकूड हवेतलं पाणी परत पितं. बाहेरचा दमटपणा ८५-९० टक्के असेल तर लाकूड १८-२० टक्क्यांवर जाऊन बसतं, डिसेंबरात तेच बारा-तेरावर येतं. अठरा इंचांचा पाट तेवढा आकसणार. खालच्या पट्ट्या गोंद लावून आणि स्क्रूने जाम करू नका, स्क्रूचं भोक लांबट ठेवा. नाहीतर नाताळला फट पडते आणि गिऱ्हाईक फोन मला करतं.

सांखळीचा ट्रकवाला

भोकं लांबटच केलीत ताई. हे वडिलांनी मशीन यायच्या कितीतरी आधी शिकवलं होतं.

वास्कोचा रिटायर फिटर

नाणं अजून चालतंय म्हणालास. पाती धारेला दिली होतीस ना? ती परत आली तेव्हा तिघांची रुंदी सारखी होती का?

सांखळीचा ट्रकवाला

आता मोजली. दोन सारखी, तिसरं अर्धा मिलिमीटर कमी. धार मारणाऱ्याने त्याला जास्त घासलं असणार, त्यावर खिळ्याचा खाच होता. पण उंची मी जुळवली आहे, मग रुंदीने काय होतं?

वास्कोचा रिटायर फिटर

दुकानातल्या काट्यावर तिन्ही वेगवेगळी तोल आणि सांग.

सांखळीचा ट्रकवाला

किराणावाला हसला, पण तोलून दिली. २४१, २४१, २३७.

वास्कोचा रिटायर फिटर

चार ग्रॅम. तुला वाटेल किती ते चार ग्रॅम. पातं मध्यापासून ४० मिलिमीटरवर फिरतं, मिनिटाला ४५०० फेऱ्या. हिशोब कर: तिथे ते चार ग्रॅम साडेतीन किलोच्या जोराने ब्लॉकला एका बाजूला ओढतात, सेकंदाला ७५ वेळा दिशा बदलून. बेअरिंगला ते बारा महिने चोवीस काळ सहन करावं लागतं. ट्रकच्या पुढच्या चाकाला शिशाचा तुकडा का ठोकतात ते तुला मी सांगायला नको.

जड दोन पात्यांच्या मागच्या कडेने, धारेच्या नव्हे, सारखं घासून घे. रुंदीही जुळेल आणि वजनही. यापुढे धारेला देताना तिन्ही एकाच गठ्ठ्यात बांधून दे आणि एका मापाची मागून घे. एकाला खाच असेल तर तिन्ही तेवढीच घासायची.

सांखळीचा ट्रकवाला

व्हील बॅलन्सिंग! हे मला सुचायला पाहिजे होतं. खनिजाच्या रस्त्यावर पुढचं टायर लागलं की स्टिअरिंग कसं थरथरतं, ते या हातांना पाठ आहे. मशीनचा तोच थरथराट सहा महिने हाताखाली होता, आणि मी समजत होतो मशीन म्हटली की असंच.

दोन पाती डिचोलीला वर्कशॉपमध्ये मागून घासून आणली. संध्याकाळी परत तोलली. २३७, २३७, २३७. किराणावाला आता नमस्कार करतो.

पाती बसवली, सहा खुणा केल्या, सगळ्या ४. मशीन चालू केली. वडील सोप्यावरून उठून शेडच्या दारात आले. टेबलावर नाणं उभं केलं. उभं राहिलं. मी दहापर्यंत मोजलं, नाणं तिथेच. शेवटच्या तीन चौरंगांच्या फळ्या ओळीने लावून ठेवल्या होत्या, पहिली उचलली, आणि वीज गेली.